मिसळीची किंमत भाडेपावतीत असते

दादरमधलं एखादं जुनं हॉटेल बंद झाल्याची बातमी आली की आमच्या शाळेच्या वॉट्सअॅप ग्रुपवर दोन दिवस सुतक असतं. कोणीतरी जुना फोटो टाकतं, कोणी "एक पर्व संपलं" लिहितं, मग रडणारे इमोजी, आणि ठाण्याला नाहीतर न्यू जर्सीला राहणारा एखादा हळूच कबूल करतो की तो स्वतः तिथे शेवटचा कधी गेला ते त्याला आठवत नाही. मग कारणमीमांसा सुरू. आजकालच्या पोरांना पिझ्झा लागतो, पुढची पिढी आयटीत गेली, आणि हमखास येणारं तिसरं म्हणजे मराठी माणसाला धंदा जमत नाही. हे तिसरं वाचलं की माझं डोकं फिरतं, कारण त्याच गल्लीतलं उडप्याचं पण बंद झालेलं असतं आणि कोपऱ्यावरचा इराणी तर त्याच्या आधीच गेलेला असतो, मग त्यांना काय म्हणणार, त्यांनाही धंदा जमत नव्हता? एवढ्या सगळ्या चर्चेत गाळा कोणाच्या नावावर होता आणि त्याचं भाडं किती होतं हे मात्र कोणी विचारत नाही.

मी बरीच वर्षं छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहिण्याचं काम करते. त्यामुळे कुठल्याही हॉटेलात बसले की माझं लक्ष आधी मेन्यूकडे जातं आणि लगेच भिंतींकडे. किती स्क्वेअर फूट असेल, बाकडी किती, एका बाकड्यावर माणूस किती मिनिटं बसतो वगैरे. नवरा म्हणतो तुझ्याबरोबर बाहेर जेवायला जाणं म्हणजे ऑडिटला जाणं. असेल. पण यातूनच मला हळूहळू पटत गेलंय की आमच्या भागातल्या स्वस्त खाण्याचं जे काही कौतुक आपण करतो, म्हणजे चव, माया, परंपरा, त्याच्या खाली एक भाडेपावती आहे, म्हणजे जुन्या, गोठलेल्या भाड्याने जागा आपल्याकडे असल्याचा कागद, आणि ती पावती नसती तर बाकीचं सगळं कधीच उठलं असतं.

आता हे जरा सविस्तर सांगते, कंटाळा आला तर पुढचे दोन परिच्छेद गाळा. मुंबईत १९४७ साली भाडे नियंत्रण कायदा आला आणि त्यात जागेचं भाडं १ सप्टेंबर १९४० ला जे होतं त्यावर गोठवलं गेलं. युद्धानंतर, फाळणीनंतर शहरात माणसांची रीघ लागलेली, घरमालक मनाला येईल ते भाडं मागत होते, तेव्हा ते गरजेचंच होतं. पण तात्पुरता म्हणून आलेला कायदा वाढवत वाढवत नेला गेला आणि भाडी तिथेच राहिली. १९९७ च्या शेवटी सुप्रीम कोर्टाने म्हटलं की हे असं गोठवून ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही, मग १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा झाला, तो ३१ मार्च २००० पासून लागू. त्यात वर्षाला चार टक्के वाढ दिली. चार टक्के कशावर? तर त्याच जुन्या भाड्यावर! दीडशे रुपयांवर चार टक्के म्हणजे सहा रुपये. म्हणजे घरमालकाला वर्षभर वाट बघून दरमहा सहा रुपये जास्त, त्यात त्याला आता कटिंग पण येत नाही.

पण त्याच कायद्याने आणखी एक गोष्ट केली, ती फार कमी लोकांच्या लक्षात आली. बँका, सरकारी कंपन्या, मल्टिनॅशनल आणि एक कोटी किंवा जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्या, या सगळ्यांना भाडे संरक्षणातून बाहेर काढलं. संरक्षण राहिलं ते छोट्यांना. त्यामुळे आमच्या रस्त्यावर जे विचित्र दृश्य दिसतं ना, की एका बाजूला चकाचक ज्वेलर, दुसऱ्या बाजूला कोचिंग क्लास आणि मध्ये चेपून बसलेलं चार बाकड्यांचं कपबशीवालं हॉटेल, त्याचा उलगडा इथे होतो. ज्वेलर बाजारभावाने लाखांत भरतो. चार बाकडीवाला काही शेकड्यांत. एकाच भिंतीच्या दोन बाजूंना दोन वेगळी शतकं चालू आहेत म्हणा ना.

आणि म्हणून मिसळ स्वस्त. साधं गणित करू. समजा तीनशे स्क्वेअर फुटांचा गाळा आहे आणि बाजारभावाने भाडं महिना दीड लाख आहे. महिन्यात २६ दिवस धंदा. म्हणजे रोजचे जवळपास ५,८०० रुपये नुसते जागेचे. वस्तादाचा म्हणजे आचाऱ्याचा पगार, पोऱ्यांचा पगार, गॅस, तेल, फरसाण, लाईट हे सगळं जाऊन एका प्लेटमागे वीस रुपये सुटतात असं धरलं तर रोजच्या २९० प्लेटा फक्त घरमालकासाठी विकायच्या. त्यानंतरची प्लेट तुमची. शनिवार-रविवार होतील हो २९०, पण मंगळवारी पावसात? मग तुम्ही काय करता, प्लेट महाग करता, वाटी लहान करता, एसी लावता, मेन्यूत पनीर चिली आणता, टेबलं जवळजवळ लावता, आणि कोणी चहावर अर्धा तास पेपर वाचत बसला की बिल आणून ठेवता. आपण त्याला म्हणतो की नव्या हॉटेलांत आपुलकी नाही. अहो, आपुलकीला जागा लागते आणि ती जागा स्क्वेअर फुटावर मोजून घेतलेली असते.

इराण्याकडे एका चहावर तास काढल्याच्या आठवणी सगळ्यांच्याच आहेत. धोबीतलावचं कयानी १९०४ चं, आमच्याकडचं मामा काण्यांचं १९१० चं, माटुंग्याचं रामाश्रय १९३९ चं आणि स्टेशनसमोरचं रामा नायकांचं १९४२ चं. तारखा बघितल्यात का? ही सगळी त्या जमान्यातली आहेत जेव्हा मुंबईत मोक्याच्या ठिकाणी, स्टेशनच्या तोंडाशी, साध्या माणसाला जागा धरता येत होती. आज कोणीही तरुण, कितीही हाताला चव असलेला असो, माटुंगा स्टेशनसमोर केळीच्या पानावर राईस प्लेटचं बोर्डिंग नव्याने सुरू करू शकेल का? तो क्लाऊड किचन काढेल. कुठल्यातरी मागच्या गल्लीत शटरच्या आड, गिऱ्हाईकाचं तोंड न बघता, आणि त्याचं भाडं म्हणजे अॅपचं कमिशन. भाडं चुकत नाही, नाव बदलतं.

प्रत्येक बंद दुकानाला हेच लागू होतं असं मी म्हणत नाहीये. काळा घोड्याचं रिदम हाऊस २०१६ ला बंद झालं, तिथे गाणीच फोनात गेली, त्याला जागा काय करणार. गिरणगावातल्या खानावळींचं आणखी वेगळं. तिथे बायका आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत पंगती उठवायच्या, गाळा वगैरे प्रकारच नाही, स्वयंपाकघर हेच दुकान. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच खानावळवाल्या बायकांसाठी. मग जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, जेवणाऱ्यांचा पगारच थांबला, उधारी थकली, आणि पुढे गिरण्याच गेल्या. आता त्याच गिरण्यांच्या आवारात रेस्टॉरंट आहेत. तिथे भाडं बहुतेक ठिकाणी विक्रीच्या टक्केवारीत किंवा ठरलेली किमान रक्कम, जे जास्त असेल ते, त्यामुळे पाण्याच्या बाटलीपासून सगळंच त्या टक्केवारीत भिजलेलं. आणि जागा वसूल करायची म्हणून गच्चीवर टेबलं मांडायची. २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्री उलटून गेल्यावर कमला मिल्समध्ये आग लागली, गच्चीवरच्या रेस्टॉरंटमध्ये, १४ माणसं गेली. मी तेव्हापासून कुठल्याही रूफटॉपवर गेले की आधी जिना शोधते.

आता कोणी म्हणेल म्हणजे जुना कायदा फार भारी. नाही हो. घरमालकाच्या जागी बसून बघा. आमच्या घरमालकाला आख्ख्या बिल्डिंगचं मिळून जे भाडं येतं त्यात आमच्या शेजारच्या टॉवरमधली एक पार्किंगची जागा भाड्याने मिळणार नाही. मग तो दुरुस्ती कशाला करेल? मग १९६९ साली सरकारने सेस म्हणजे उपकर लावून दुरुस्ती मंडळ काढलं, तेव्हा शहरात अशा उपकरप्राप्त इमारती १९,६४२ होत्या. मंडळाने टेकू लावले. आमच्या जिन्याला लागलेला टेकू आता इतका जुना झालाय की त्यावर गणपतीच्या वर्गणीचा बोर्ड कायमचा टांगलाय. १९८६ साली सरकारने कायद्यात असं घातलं की ७० टक्के भाडेकरूंनी सहकारी सोसायटी करून मागणी केली तर महिन्याच्या भाड्याच्या शंभरपट पैसे देऊन इमारत ताब्यात घेता येईल. शंभरपट ऐकायला मोठं वाटतं, पण पाचशेच्या शंभरपट म्हणजे पन्नास हजार, दादरमध्ये! घरमालक कोर्टात गेले आणि ती केस फिरत फिरत नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठापर्यंत पोचली, निकाल ५ नोव्हेंबर २०२४ ला. प्रत्येक खाजगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती म्हणता येणार नाही असं बहुमताने सांगितलं. तोपर्यंत किती बिल्डिंगी पडल्या ते मोजायला नको. भेंडीबाजारची हुसैनी बिल्डिंग ऑगस्ट २०१७ ला कोसळली तेव्हा ३३ लोक दगावले. स्वस्त मिसळीच्या गोष्टी सांगताना ही किंमत पण बिलात धरायला हवी.

तर रिडेव्हलपमेंट नको असं म्हणायची माझी हिंमत नाही. मी पण कॉमन संडासाच्या रांगेत वाढलेली आहे, चाळीतल्या जिव्हाळ्यावर लेख लिहिणारे बहुतेक जण अटॅच्ड बाथरूममधून लिहितात. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या लोकांना ऑगस्ट २०२५ मध्ये किल्ल्या मिळाल्या, १६० फुटांच्या खोलीतून ५०० फुटांच्या फ्लॅटमध्ये, माझी मावसबहीण टीव्हीवर ते बघताना रडत होती आणि तिचा बीडीडीशी काही संबंध नाही. मलाही मोठी खोली हवीच आहे.

माझं म्हणणं तळमजल्याबद्दल आहे.

सेस इमारतीच्या रिडेव्हलपमेंट स्कीममध्ये राहणाऱ्याला किमान तीनशे फूट कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली जागा, मिळतं, आधीची खोली कितीही लहान असो. दुकानदाराला मात्र होता तेवढाच एरिया. ठीक, कागदावर त्याचं काही गेलं नाही. पण दुकानाचा एरिया महत्त्वाचा नसतोच, त्याचं तोंड महत्त्वाचं. रस्त्याला लागून, एक पायरी चढली की आत, असा ऐंशी फुटांचा गाळा आणि टॉवरच्या पहिल्या मजल्यावर मागच्या बाजूला ऐंशी फुटांचा गाळा, हे सारखं कसं? आमच्या आसपास जे टॉवर उभे राहिलेत ते बघा. आधी कंपाउंड वॉल, मग गेट, गेटवर वॉचमन, मग चार-पाच मजले गाड्यांचे आणि त्याच्यावर माणसं. जिथे सलग वाणी, धोबी, पिठाची गिरणी, हॉटेल, स्टेशनरी असं रस्त्याच्या कडेने लागायचं तिथे आता शे-दोनशे फूट नुसती भिंत. रात्री नऊनंतर त्या भिंतीच्या बाजूने चालायला मला नको वाटतं, दुकानं होती तेव्हा साडेदहाला पण काही वाटायचं नाही. आणि तरी दलालांच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं, "मेट्रोपासून दोन मिनिटं, सर्व सुविधा हाकेच्या अंतरावर". हाक मारा, वॉचमन येईल.

त्यातून समजा गाळा रस्त्यावरच मिळाला. तरी हॉटेल परत येतं का? तीन-चार वर्षं, नाहीतर बिल्डर अडकला तर त्याच्या दुप्पट वर्षं, बंद. वस्ताद गावाला जातो नाहीतर दुसरीकडे लागतो, आणि रोज सकाळी सात वाजता येणारी गिऱ्हाईकं सवय मोडून घरी ओट्स खायला लागतात. परत आलं तर नव्या बिल्डिंगमध्ये मेंटेनन्स वेगळा, धूर वर न्यायला डक्ट हवा, फायरची एनओसी हवी. आणि सगळ्यात मोठं म्हणजे वर राहणाऱ्यांना ते नको असतं. आमच्या ओळखीच्या एका सोसायटीत मीटिंगला मी बसले होते (हिशेबाच्या कामाने), तिथे एक काकू म्हणाल्या की खाली ज्वेलर चालेल, बँक चालेल, डॉक्टर तर उत्तमच, पण हॉटेल नको बाई, झुरळं होतात आणि फोडणीचा वास येतो. या काकूंचं लहानपणापासूनचं नाश्त्याचं खातं त्याच हॉटेलात होतं! मी काही बोलले नाही, पाहुणी होते. पण त्यांचंही चूक कसं म्हणू, त्यांच्या फ्लॅटचा भाव आता कोटींत आहे आणि कोटींच्या घराला वाटाण्याच्या उसळीचा वास परवडत नाही. पिठाच्या गिरणीचं तर कोणी नावच काढत नाही, आवाज होतो म्हणून. त्याच काकू आता दळण घेऊन रिक्षाने जातात.

आमच्या बिल्डिंगच्या रिडेव्हलपमेंटचं आता घाटतंय. निम्म्याहून जास्त सह्या झाल्यात. खाली जे हॉटेल आहे त्याच्या मालकांना मी काका म्हणते, माझ्या वडिलांच्या वयाचे नाहीत पण दुसरं काय म्हणणार. परवा संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर मी त्यांना विचारलं, काका, तुमचा गाळा कुठे दाखवलाय नकाशात? मला वाटलं होतं ते चिडतील, बिल्डरला शिव्या देतील. ते म्हणाले, "पुढे दे म्हटलंय त्याला, कोपऱ्यावर. भाड्याने द्यायला बरा पडतो."

भाड्याने?

मग त्यांनी मलाच हिशेब शिकवला. आज हा गाळा पागडीचा, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन जुन्या भाड्यावर धरलेला, मालकी घरमालकाचीच. कायद्याने घरमालकाच्या परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवता येत नाही, ठेवला की घरमालकाला जागा परत मागायला कारण मिळतं. सहा महिने कारणाशिवाय बंद ठेवला तरी तेच. विकायचा तर घरमालकाला तिसरा हिस्सा, म्हणजे रिवाज तसाच आहे. थोडक्यात काय, गाळ्यातून पैसा काढायचा असेल तर स्वतः शटर उघडून भट्टी पेटवण्याशिवाय त्यांच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता, त्यांच्यापुढे नव्हता आणि त्यांच्या वडिलांपुढेही नव्हता. नव्या बिल्डिंगमध्ये ते सोसायटीचे मेंबर, गाळ्याचे मालक. कॉफीच्या एका चेनचा माणूस आत्ताच येऊन गेलाय म्हणे. "पोराला कशाला भट्टीसमोर उभा करू? महिन्याला बसल्याजागी जे येईल तेवढं मला वर्षाचं सुटत नाही," काका म्हणाले, आणि गल्ला बंद करून घरी गेले.

मी तिथेच बसून राहिले कारण माझा चहा यायचा होता. इतकी वर्षं मी जो कॉलम बघत होते त्याची दुसरी बाजू मला कोणी इतकी सरळ सांगितली नव्हती. स्वस्त भाड्याने मिसळ स्वस्त राहते एवढंच मला माहीत होतं. पण माणूस मिसळ विकत राहतो तो जागा भाड्याने देता येत नाही म्हणून, हे काकांनी सांगितलं. ज्या दिवशी देता येईल त्या दिवसापासून मिसळ करणं हा तोट्याचा धंदा. त्यांना मी कुठल्या तोंडाने सांगू की काका तुम्ही करत राहा, आमच्या आठवणींसाठी? मी स्वतः तर माझ्या नव्या फ्लॅटचा भाव गुगलवर बघतेय.

मात्र काकांकडे पावती आहे. जिन्याखाली घड्याळं दुरुस्त करणारे बसतात त्यांच्याकडे नाही. बोळात इस्त्रीवाल्याचं टेबल आहे, त्याच्याकडे नाही. गिरणीवाला आहे तो दुसऱ्याच्या पावतीवर, आणि ज्याची पावती आहे त्याची मुलं बोरिवलीला राहतात आणि त्यांना नव्या बिल्डिंगमध्ये गिरणी नकोय. बिल्डरच्या पात्र-अपात्र यादीत या तिघांपैकी कोणाचंच नाव नाही, आणि वॉट्सअॅप ग्रुपवर यांच्यासाठी कोणी "पर्व संपलं" लिहिणार नाही, कारण यांच्या दुकानाला नावच नाही.

पुढच्या महिन्यात आर्किटेक्ट येणारेत. मी सेक्रेटरींना लिहून दिलंय की चर्चेला घ्या: गाळे रस्त्याकडे तोंड करून, कंपाउंड वॉलच्या बाहेर. दोन गाळ्यांना धुराचा डक्ट आत्ताच काढून ठेवा, नंतर काढता येत नाही. आणि सोसायटीच्या मालकीचा एक छोटा गाळा, साठ-सत्तर फुटांचा, जो विकायचा नाही, कमी भाड्याने इस्त्री, घड्याळ, दळण असल्या कामाला द्यायचा. शेवटच्यावर सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, तेवढ्या फुटांचा भाव माहितीये ना?" माहितीये. कार्पेट सत्तर धरून मी तो भाव सभासदांच्या संख्येने भागून प्रत्येकाच्या वाट्याला किती येतो तो आकडा पण खाली लिहिलाय, आणि तो आमच्याकडचे लोक नव्या किचनच्या ट्रॉल्यांवर जेवढं उडवणारेत त्याहून कमी निघतो. बघू, सह्या मागायला मी तळमजल्यापासून सुरुवात करणार आहे, काकांची सही आधी घेईन.